जुन्या कामगाराची चौकशी आली तर काय सांगायचं, काय नाही

सकाळी अकराच्या सुमाराला नाशिकमधल्या अंबडच्या एखाद्या मशीन शॉपमध्ये फोन वाजतो. "सिन्नरहून बोलतोय. तुमच्याकडे एक व्हीएमसी सेटर होता ना, दोन वर्षांपूर्वी सोडून गेला तो. कसा होता हो?" (व्हीएमसी सेटर म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन कामासाठी लावून देणारा कारागीर.)

सगळी अडचण या "कसा होता हो" पासून सुरू होते. हा प्रश्न माहिती विचारत नाही, मत विचारतो. मत फोनवर सहज निघून जातं आणि एका माणसाची नोकरी जाते. अधूनमधून सांगणाऱ्यालाही वकिलाची नोटीस येते. सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर, दिंडोरी इथल्या औद्योगिक वसाहती तशा एकमेकींना ओळखूनच आहेत. एका टाइम ऑफिसचा, म्हणजे हजेरी बघणाऱ्या ऑफिसचा शब्द चार गेटांवर पोचतो, म्हणून हे नियम इथे जास्तच नीट समजून घ्यायला हवेत.

आधी एक गैरसमज दूर करू. "कायद्याने फक्त तारखा आणि हुद्दाच सांगता येतो" असं बरेच एचआरवाले सांगतात. तसा कायदा नाही. जुन्या मालकाने नव्या मालकाला काय सांगावं याचा स्वतंत्र कायदाच भारतात नाही. तारखा आणि हुद्द्यापुरतं बोलायचं हे कंपन्यांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेलं धोरण आहे. कामगाराबद्दल प्रतिकूल पण खरी गोष्टही सांगता येते. मर्यादा येते ती बदनामीच्या कायद्यातून, खासगी माहितीच्या नियमांतून आणि काही खास कायद्यांतून. या सगळ्यांतून कामाचा एकच नियम निघतो: ज्या वाक्यामागे फाइलीत कागद आहे, तेवढंच वाक्य बोलायचं.

बदनामीचा कायदा नेमकं काय म्हणतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेचं कलम ४९९-५०० जाऊन भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. तोंडी बोललेलं आणि लिहिलेलं यात कायदा फरक करत नाही, त्यामुळे "फोनवर तर बोललो, कुठे लिहून दिलंय" हा बचाव नाही. माणसाच्या धंद्या-व्यवसायातली त्याची पत खाली आणणारं विधानही बदनामीच्या व्याख्येत बसतं, आणि जुन्या नोकरीची चौकशी नेमकी तीच पत तपासते.

या कलमाला दहा अपवाद आहेत. आपल्या कामाचा मुख्य अपवाद नववा: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान. कायद्यातच त्याचं उदाहरण दिलं आहे. एक दुकानदार आपल्या कारभाऱ्याला सांगतो, अमक्याला रोखीशिवाय माल देऊ नको, त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल माझं मत बरं नाही. हे सद्भावनेने आणि स्वतःच्या धंद्याच्या रक्षणासाठी सांगितलं असेल तर तो गुन्हा नाही. दहावा अपवादही जवळचाच आहे: ज्याला सांगितलं त्याच्या भल्यासाठी दिलेली सावधगिरीची सूचना. नवा मालक कामावर घेण्यापूर्वी विचारतो आणि जुना मालक प्रामाणिकपणे उत्तर देतो, ते या दोन अपवादांत बसू शकतं.

पण कायद्याच्या भाषेत सद्भावना म्हणजे मनात वाईट नव्हतं एवढंच नाही. पुरेशी काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेची धरत नाहीत. फाइल न उघडता सुपरवायझरला विचारून उत्तर दिलं, तर मन कितीही साफ असलं तरी अपवादाचा आधार डळमळतो.

आणखी एक बारकावा पुष्कळांना माहीत नसतो. दिवाणी दाव्यात "बोललो ते खरं होतं" हा पुरता बचाव आहे. फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही. ते सांगणं लोकहिताचं होतं हे दाखवावं लागतं, नाहीतर दुसऱ्या एखाद्या अपवादात बसावं लागतं.

टोमणाही सुटत नाही. उपरोधाने किंवा आडून सुचवलेलं विधान बदनामी ठरू शकतं, असं स्पष्टीकरण कलमातच आहे. "मी काही बोलत नाही, तुम्ही समजून घ्या" किंवा "हो, फार गुणी होता" म्हणून हसणं, हे सरळ बोलण्यापेक्षा सुरक्षित नाही. उलट त्यामागे एकही कागद नसतो, म्हणून जास्तच धोक्याचं.

फोन आल्यावर करायची कामं

लगेच उत्तर द्यायचं नाही. "साहेब, कंपनीच्या ईमेलवरून विचारा, सोबत उमेदवाराची सही असलेलं संमतीपत्र जोडा, उद्यापर्यंत लेखी उत्तर देतो," एवढं सांगून फोन ठेवायचा. शंका असेल तर समोरच्या कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर आपण उलट फोन करायचा, आलेल्या मोबाइलवर नाही. कारण असे फोन नव्या मालकाचेच असतात असं नाही. कर्जवसुलीवाले एचआर बनून बोलतात. मुलीकडचे लोक स्थळाची चौकशी करताना पगार आणि वागणूक विचारतात, तेही "कंपनीतून बोलतोय" असं सांगून. आपल्याकडे स्थळाची चौकशी ही रीतच आहे, पण त्यांना नोकरीची फाइल उघडून दाखवण्याचं कारण नाही, आणि नोकरीतल्या चौकशीला मिळणारं संरक्षण तिथे गृहीत धरता येत नाही.

उत्तर देणारा माणूस एकच ठरवायचा, एचआर किंवा खुद्द मालक. लाइन सुपरवायझर, स्टोअरकीपर, गेटवरचा सिक्युरिटी या सगळ्यांना सांगून ठेवायचं की "ऑफिसला विचारा" यापलीकडे बोलायचं नाही. कामाच्या ओघात सुपरवायझर जे बोलतो त्याची जबाबदारी कंपनीवरही येऊ शकते.

मग फाइल काढायची. नेमणूकपत्र, मस्टर, राजीनामा आणि तो स्वीकारल्याचं पत्र, फुल अँड फायनलचा हिशेब, ताकीदपत्रं, चौकशी झाली असेल तर अंतिम आदेश. फाइलीत नसलेली गोष्ट उत्तरात घालायची नाही.

उत्तर साधारण असं असावं:

"आपल्या दिनांक … च्या ईमेलच्या आणि सोबतच्या संमतीपत्राच्या अनुषंगाने कळवतो की, श्री. … हे आमच्या आस्थापनेत दिनांक … ते … या काळात व्हीएमसी सेटर या पदावर कायम कामगार म्हणून नोकरीस होते. त्यांनी दिनांक … रोजी राजीनामा दिला, तो स्वीकारण्यात आला. नोटीस काळ पूर्ण केला. हिशेब पूर्ण झाला असून येणे-देणे बाकी नाही. ही माहिती आमच्या नोंदींवर आधारित असून केवळ आपल्या नेमणूक प्रक्रियेसाठी आहे."

शेवटचं वाक्य शोभेचं नाही. माहिती कोणत्या आधारावर, कोणाला आणि कशासाठी दिली हे त्यातून दिसतं, आणि सद्भावना दाखवायची वेळ आली तर हेच लागतं. उत्तराची प्रत आणि संमतीपत्र त्या कामगाराच्याच फाइलीत ठेवायचं.

नव्या मालकासाठी माहिती पडताळणाऱ्या व्हेरिफिकेशन एजन्सीच्या फॉर्मात "परत कामावर घ्याल का?" असा रकाना असतो. हो किंवा नाही, एवढंच. "नाही" वर खूण केली की कारण न सांगताही माणूस बाद होतो. इथे एकच शिस्त पाळावी: हा रकाना सगळ्यांसाठी भरायचा किंवा कोणासाठीच नाही. आवडत्यांसाठी भरून नावडत्यांसाठी कोरा सोडला की तो कोरेपणाच बोलतो.

विशेषण नको, नोंद हवी

"कामचुकार होता" हे मत. "जानेवारी ते मार्चमध्ये १४ दिवस विनापरवाना गैरहजर, दोन लेखी ताकिदी" ही नोंद. मस्टर आणि ताकिदीच्या प्रती हाताशी असतील तर हे सांगता येतं. "पळून गेला" ऐवजी "१२ तारखेपासून हजर झाले नाहीत, स्पीड पोस्टने दोन पत्रं पाठवली, उत्तर न आल्याने नाव पटावरून कमी केलं". ती पत्रं खरोखर पाठवलेली असतील तरच. कित्येक कंपन्या पत्र पाठवतच नाहीत आणि सिस्टिममध्ये "अ‍ॅबस्कॉन्डिंग" असा शेरा मारून मोकळ्या होतात. तो माणूस सिव्हिल हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट असतो, आणि पुढची दहा वर्षं तो शेरा त्याच्यामागे फिरतो.

सगळ्यात नाजूक बाब चोरीची. टूल क्रिबमधून (हत्यारांच्या खोलीतून) कार्बाइड इन्सर्टचे (मशीनच्या कापणाऱ्या पात्यांचे) डबे कमी होतात. नाइट शिफ्टला पाच जण होते. त्यातला एक पुढच्याच आठवड्यात राजीनामा देतो. कंपनी चौकशी करत नाही, पोलिसांत जात नाही, राजीनामा स्वीकारून हिशेब देते. सहा महिन्यांनी फोन आल्यावर मात्र उत्तर जातं, "इन्सर्टचं प्रकरण होतं त्याचं, सगळे म्हणतात त्यानेच नेले." या वाक्यामागे ना आरोपपत्र, ना चौकशी, ना आदेश. फाइलीत आहे तो फक्त स्वीकारलेला राजीनामा, मग उत्तरही तेवढंच. चौकशी नको म्हणून ज्या कंपनीने राजीनामा घेतला, तिने नंतर फोनवर निकाल देणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. आरोपपत्र दिलं, कामगाराला म्हणणं मांडायची संधी दिली, चौकशी अधिकाऱ्याने गैरवर्तन सिद्ध धरलं आणि बडतर्फीचा आदेश निघाला असेल, तर "दिनांक … च्या आदेशाने, खात्यांतर्गत चौकशीनंतर बडतर्फ" हे सांगता येतं. कामगाराने त्या आदेशाला कामगार न्यायालयात आव्हान दिलं असेल तर तेही त्याच ओळीत सांगायचं. अर्धीच गोष्ट सांगणं म्हणजे दिशाभूल. पोलिसांत गुन्हा नोंद असेल तर "गुन्हा दाखल, प्रकरण प्रलंबित", त्यापुढे शब्द नाही.

खोटी स्तुतीही तितकीच वाईट. नको असलेला माणूस दुसऱ्याच्या गळ्यात मारायला "अत्यंत प्रामाणिक" लिहून द्यायचं, किंवा कधी कामावरच नसलेल्या भाच्याला तीन वर्षांचा अनुभव दाखवायचा. नवा मालक त्यावर भरवसा ठेवून नुकसानीत गेला तर प्रश्न फसवणुकीचा होतो. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९४ च्या एका निकालात म्हटलं होतं की जुन्या नोकराबद्दल शिफारसपत्र देताना मालकाने वाजवी काळजी घ्यायला हवी. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण वकील असे दाखले पुढे करू शकतात.

ज्या गोष्टींना हात लावायचाच नाही

एचआयव्हीची स्थिती संमतीशिवाय सांगायला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारीत तक्रारदार, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, साक्षीदार, चौकशीचा तपशील आणि शिफारशी यांवर २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ ने गोपनीयता घातली आहे. म्हणून फोनवर "एका मुलीने तक्रार केली होती" हे वाक्य दोघांचंही नुकसान करतं. अशी तक्रार तपासणाऱ्या समितीच्या अहवालानंतर कारवाई म्हणून नोकरी गेली असेल तर उत्तराचा मसुदा वकिलाला दाखवूनच पाठवावा.

आजारपण, वैद्यकीय तपासणीचे कागद, बँक खातं, बोटांच्या ठशांची हजेरी हे सगळं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या २०११ च्या नियमांनुसार संवेदनशील माहिती आहे. ज्याची आहे त्याच्या आधीच्या परवानगीशिवाय कंपनीने ती बाहेर द्यायची नाही. त्यापुढचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोपर्यंत वाट न बघता संमतीपत्राची सवय आताच लावून घ्यावी. पगाराचा आकडा आपण सांगू नये. उमेदवाराने दिलेल्या स्लिपचा आकडा बरोबर आहे की नाही, एवढंच संमती पाहून कळवावं.

बाळंतपणाची रजा, जात, युनियनचं सभासदत्व, कामगार आयुक्तांकडे केलेली तक्रार, पीएफसाठी केलेला अर्ज यांचा कामाच्या दर्जाशी संबंध नाही. "युनियनबाज आहे" हे दोन शब्द नाशिकच्या पट्ट्यात किती जणांना नडले आहेत ते कामगारवस्तीत विचारलं तर कळेल. हक्क मागितल्याची शिक्षा दुसऱ्या गेटवर द्यायची हे कोणत्याही अर्थाने सद्भावनेत बसत नाही.

आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. "या माणसाला कोणी घेऊ नका" म्हणून फोटो आणि आधारची प्रत दीडशे एचआरच्या ग्रुपवर टाकायची पद्धत पडली आहे. नवव्या-दहाव्या अपवादाचा आधार मिळतो तो माहितीची गरज असलेल्या माणसाला सांगितलं म्हणून. ग्रुपमधल्या एकशे एकोणपन्नास जणांनी विचारलेलंही नसतं. मजकूर लेखी, वेळ आणि नंबरासकट, पुराव्याला तयार. असा संदेश पुढे ढकलणाराही सुटत नाही.

कॉन्ट्रॅक्टरकडच्या कामगारांचा वेगळा घोटाळा

चार वर्षं एकाच प्लांटमध्ये असेंब्ली लाइनवर उभा राहिलेला मुलगा बायोडेटावर त्या प्लांटचं नाव लिहितो. चौकशी जाते, प्लांटची एचआर मस्टर बघते आणि कळवते, "या नावाचा कर्मचारी आमच्याकडे नव्हता." उत्तर कागदोपत्री बरोबर, आणि मुलगा खोटारडा ठरतो. प्लांटने लिहायला हवं: "आमच्या थेट पटावर नाही, कंत्राटदारामार्फत काम केलं असल्यास तपशील कंत्राटदाराकडून घ्यावा." आणि कामगाराने बायोडेटावर कॉन्ट्रॅक्टरचं नाव आधी, मग "यांच्यामार्फत" म्हणून प्लांटचं नाव लिहावं. गेटपास, ईएसआय कार्ड आणि पगार जमा झाल्याचं पासबुकचं पान जपून ठेवावं. कॉन्ट्रॅक्टर बदलतो, फोन उचलत नाही. कागद मात्र राहतो.

कामगाराने सोडताना आणि नंतर

राजीनामा ईमेलने किंवा प्रतीवर पोच घेऊन द्यावा. तोंडी सांगून निघाल्यावरच "अ‍ॅबस्कॉन्डिंग" चा शेरा येतो. स्थायी आदेश (कारखान्यातल्या सेवाशर्तींची नियमावली) लागू असलेल्या ठिकाणी सेवा प्रमाणपत्राची तरतूद असते, ते मागून घ्यावं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे आणि तिच्यात स्थायी आदेश ३०० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या ठिकाणी लागू होतात. लहान युनिटमध्ये नेमणूकपत्रातल्या अटीच आधाराला असतात, म्हणून ते पत्र हातात असलंच पाहिजे. चांगल्या शब्दांत शिफारस मात्र हक्काने मागता येत नाही. वाद तडजोडीने मिटत असेल तर चौकशी आल्यावर कंपनी नेमकी कोणती वाक्यं सांगेल ती तडजोडीच्या कागदातच शब्दशः लिहून घ्यावीत. पैशाच्या रकमेवर तासभर भांडणारे लोक ही ओळ विसरतात.

पीएफ पोर्टलवर आपल्या १२ आकडी यूएएनने (पीएफच्या कायम क्रमांकाने) लॉगिन करून सर्व्हिस हिस्टरीत सोडल्याची तारीख बघावी. रिलिव्हिंग लेटरवर ३१ मार्च आणि पोर्टलवर २८ फेब्रुवारी असं निघालं की एजन्सी लाल शेरा मारते, आणि जुनी कंपनी काही वाईट बोललेलीही नसते. तारीख भरलीच नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासदाला स्वतः पोर्टलवरच्या "मार्क एक्झिट" या पर्यायातून भरता येते. नव्या कंपनीच्या संमतीपत्रावर सही करताना "सध्याच्या मालकाला ऑफर लेटरनंतरच विचारावं" असं हाताने लिहायला हरकत नसते, लिहावं.

वाईट शेरा गेल्याचा संशय आला तर नव्या कंपनीला ईमेलने नम्रपणे विचारावं: कोणत्या मुद्द्यावर नाकारलं, आणि कोणी काय कळवलं? पुष्कळदा उत्तर मिळत नाही, पण मिळालं तर तोच मुख्य पुरावा. मित्राला खोटा एचआर बनवून जुन्या कंपनीला फोन करायला लावू नये. आपणच सापळा लावून वदवून घेतलेलं विधान कोर्टात टिकवणं अवघड जातं, शिवाय तोतयेगिरीचा आळ वेगळा. मग जुन्या कंपनीला कागद जोडून पत्र द्यावं: नेमकी कोणती माहिती चूक आहे, बरोबर काय आहे, १५ दिवसांत दुरुस्त करून नव्या कंपनीला लेखी कळवावं. बरीचशी प्रकरणं इथेच मिटतात, कारण चूक बहुधा आकसाची नसते, कोणीतरी फाइल न उघडता बोललेलं असतं.

नाही मिटलं तर घड्याळाकडे बघावं. बदनामीच्या दिवाणी दाव्याची मुदत फक्त एक वर्ष आहे. फौजदारी तक्रारीला तीन वर्षं. "आधी नोकरी बघू, मग केस" म्हणता म्हणता वर्ष निघून जातं. पोलीस चौकीत जाऊन गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे, चौकीत एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून परत पाठवतात. तक्रार ज्याची बदनामी झाली त्याने थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायची असते.

जुनी कंपनी चाकणची आणि फोन अंबडमध्ये ऐकला गेला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ प्रमाणे दावा नाशिकलाही लावता येतो, पुण्याला हेलपाटे घालावेच लागतात असं नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर नाशिकच्या सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार हे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत कायदेशीर साहाय्याचे हक्कदार म्हणून स्वतंत्रपणे नोंदलेले आहेत. अर्जासोबत नेमणूकपत्राची किंवा गेटपासची प्रत जोडावी.